अर्कचित्र कसे घडवावे: रेषेतले आणि शब्दांतले

परिचित माणसाचे नाव न घेता त्याला चार रेषांत किंवा त्याच्याच ढबीच्या दोन वाक्यांत उभे करणे, आणि उभे करता करता त्याच्याविषयी आपले मत नोंदवणे, हे अर्कचित्राचे, म्हणजेच कॅरिकेचरचे, काम आहे. हे काम शिकू पाहणाऱ्याला सहसा आपल्या हाताच्या कौशल्याची काळजी वाटते. प्रत्यक्षात अर्कचित्र बहुतेक वेळा निरीक्षण अपुरे राहिल्यामुळे फसते, आणि त्याखालोखाल आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे ठरलेले नसल्यामुळे फसते. म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधीच्या पायऱ्यांना इथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे. लेखनाचा भागही जोडीने घेतला आहे, कारण चेहऱ्याचे आणि बोलण्याचे अर्कचित्र एकाच शिस्तीने घडते, आणि एकात नजर तयार झाली की दुसऱ्यातल्या उणिवा लवकर दिसू लागतात.

प्रथम क्षेत्राची आखणी करून घेऊ. हास्यचित्रात एखादा प्रसंग किंवा कल्पना असते आणि त्यातली माणसे कोणीही असू शकतात; शि. द. फडणीस यांची शब्दांविना बोलणारी चित्रे या जातीची आहेत. राजकीय व्यंगचित्रात ताज्या घटनेवर भाष्य असते. अर्कचित्रात मात्र एक विशिष्ट व्यक्ती असते, तिचे रूप वाढवून-घटवून काढलेले असते आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ती चटकन ओळखू येते. राजकीय व्यंगचित्रकाराला अर्कचित्र यावेच लागते, पण अर्कचित्र काढणाऱ्याने राजकारणावर बोललेच पाहिजे असे नाही. याखेरीज एक चौथा प्रकार आहे, तो म्हणजे नमुन्याचे अर्कचित्र. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घातलेला 'कॉमन मॅन' ही कोणा एकाची प्रतिमा नाही. लाखो माणसांतून उचललेली लक्षणे एका देहात एकत्र आणली आहेत. नवशिक्याने सुरुवात नमुन्यापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नमुना काढताना चूक झाली तर ती उघडकीला आणणारे कोणी नसते. विशिष्ट माणूस काढताना मात्र तो माणूस स्वतःच मोजपट्टी असतो.

पहिली पायरी: माणूस निवडा आणि एक वाक्य लिहा

सार्वजनिक जीवनातली, भरपूर छायाचित्रे आणि चलत्चित्रे उपलब्ध असलेली व्यक्ती निवडावी. नातेवाईक किंवा शेजारी घेऊ नयेत. त्यांच्या बाबतीत आपली माया किंवा राग मध्ये येतो आणि त्यांची परवानगी घेण्याचा प्रश्नही उरतोच. निवड झाली की कागदाच्या मागे एक वाक्य लिहावे: या माणसाविषयी मला काय म्हणायचे आहे? 'हे गृहस्थ समोरच्याचे ऐकून घेण्याआधीच उत्तर देतात', 'या बाईंचा शांतपणा हेच त्यांचे शस्त्र आहे', अशा स्वरूपाचे ते असावे. 'नाक मोठे आहे' हे वाक्य चालणार नाही, कारण ते केवळ वर्णन आहे. वाक्य सुचत नसेल तर त्या व्यक्तीचे अर्कचित्र काढण्याची वेळ अजून आलेली नाही; तिच्याविषयी वाचावे, तिची भाषणे ऐकावीत आणि मग परत यावे.

दुसरी पायरी: पाहणे

एका छायाचित्रावरून कधीही काम करू नये. एका छायाचित्रात एका क्षणाचा प्रकाश, एक कोन आणि बहुधा छायाचित्रासाठी धारण केलेला चेहरा असतो. निरनिराळ्या वयांतली आणि कोनांतली छायाचित्रे समोर ठेवावीत, आणि शक्य असेल तर त्या माणसाला बोलताना, चालताना, दुसऱ्याचे ऐकताना पाहावे. ऐकतानाचा चेहरा विशेष मोलाचा, कारण बोलताना माणूस स्वतःला सादर करत असतो आणि ऐकताना तो स्वतःला विसरतो.

या पायरीवर नवशिक्यांचा सर्वांत मोठा घात साधनसामग्री करते. साधनसामग्री म्हणजे टोपी, पगडी, चष्मा, काठी, चिरूट. लोकमान्य टिळकांचे चित्र काढायचे म्हटले की पगडी, उपरणे आणि भरघोस मिशी काढून बहुतेक जण मोकळे होतात, आणि पाहणाराही पगडी पाहूनच 'टिळक' म्हणतो. म्हणून एक सोपी परीक्षा करावी. काढलेल्या चित्रातील पगडीवर हात ठेवावा आणि उरलेल्या चेहऱ्याकडे पाहावे. भुवयांखालची ती करारी, स्थिर नजर, मिशीखाली आवळून धरलेले ओठ आणि जबड्याचा रेटा यांत टिळक उरले असतील तर चित्र जमले. हात ठेवताच कोणीतरी अनोळखी गृहस्थ शिल्लक राहिले असतील, तर आपण पगडीचे चित्र काढले आहे. साधनसामग्री वापरू नये असे मी म्हणत नाही. महात्मा गांधींचा गोल चष्मा एकटासुद्धा गांधींना उभे करतो आणि २०१४ सालच्या स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात तेवढाच चष्मा आहे. पण ती ओळख दीर्घ परिचयातून झाली आहे आणि ते बोधचिन्ह आहे. शिकणाऱ्याने चेहऱ्यापासून सुरुवात करावी.

तिसरी पायरी: सरासरीशी ताडून पाहणे

कोणते वैशिष्ट्य वाढवायचे हे अंदाजाने ठरवू नये. चित्रकलेच्या वर्गात शिकवली जाणारी सर्वसाधारण मापे इथे उपयोगी पडतात. डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळ्यांची रेषा येते. समोरून पाहता चेहऱ्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांइतकी भरते आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढे अंतर असते. भुवया आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर नाकाचा तळ येतो. कानाची वरची कड भुवयांच्या आणि खालची कड नाकाच्या तळाच्या पातळीत असते. ही मापे कोणत्याच माणसाला तंतोतंत लागू पडत नाहीत आणि नेमका तोच त्यांचा उपयोग आहे. छायाचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून या रेषा ओढाव्यात आणि आपला माणूस कुठे कुठे त्यांना सोडून जातो ते टिपावे. नाक लांब आहे असे वाटत होते, पण प्रत्यक्षात नाक सर्वसाधारण असून वरचा ओठ आखूड आहे, असे शोध इथे लागतात आणि ते शोध हेच या पायरीचे फलित.

या पद्धतीला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुसान ब्रेनन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक संगणकीय आज्ञावली तयार केली. ती एखाद्या चेहऱ्याच्या रेषा सरासरी चेहऱ्याशी ताडून पाहत असे आणि जिथे जिथे फरक आढळे, तो फरक ठरावीक प्रमाणात वाढवत असे. पुढे १९८७ साली गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान केरी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ओळखीच्या माणसांची अशी वाढवलेली रेखाटने लोकांनी अचूक रेखाटनांपेक्षा लवकर ओळखली, तर सरासरीकडे झुकवलेली रेखाटने ओळखायला सर्वांत जास्त वेळ लागला. चेहऱ्याचा वेगळेपणा हाच आपल्या स्मृतीचा आधार असावा, असे त्यावरून वाटते.

मात्र त्या आज्ञावलीला एक गोष्ट करता येत नव्हती. ती सगळे फरक सारख्याच प्रमाणात वाढवत असे. चित्रकार निवड करतो.

चौथी पायरी: एकूण आकार, मग एक वैशिष्ट्य

नाक, डोळे, ओठ यांकडे जाण्याआधी डोक्याचा बाह्य आकार पकडावा. डोळे किलकिले करून छायाचित्राकडे पाहिले की तपशील पुसट होतात आणि आकार उरतो: उभा आयत, खाली रुंदावणारा त्रिकोण, वर फुगलेला आणि खाली निमुळता झालेला अंडाकार. हा आकार चुकला तर आतले सगळे अवयव अचूक असूनही माणूस ओळखू येत नाही.

आकाराची ताकद समजण्यासाठी पॅरिसमधला १८३१ सालचा खटला प्रत्येक नवशिक्याने जाणून घ्यावा. शार्ल फिलिपाँ हे 'ला कॅरिकात्युर' या साप्ताहिकाचे संस्थापक. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याची अवहेलना केल्याच्या आरोपावरून त्यांना न्यायालयात उभे करण्यात आले, तेव्हा त्यांनी बचाव म्हणून चार चित्रे काढून दाखवली. पहिले चित्र राजाच्या चेहऱ्याशी मिळतेजुळते होते. दुसऱ्यात गालांचा खालचा भाग थोडा अधिक सुटलेला आणि माथा थोडा अधिक निमुळता होता, तिसऱ्यात आणखी, आणि चौथे चित्र म्हणजे सरळसरळ नासपती. त्यांचा युक्तिवाद असा होता की, पहिल्या चित्रात गुन्हा असेल तर दुसऱ्यातही आहे, तिसऱ्यातही आहे, आणि मग शेवटी नासपती काढणाऱ्या प्रत्येकाला शिक्षा करावी लागेल. न्यायालयाने त्यांना सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड ठोठावला; पण पुढे पॅरिसच्या भिंतींवर लोक नासपती काढू लागले आणि ती राजाची खूण बनली.

या चार चित्रांत अर्कचित्राची सारी प्रक्रिया उघडी पडली आहे. पहिली गोष्ट म्हणजे बदल फक्त एकाच दिशेने झाला आहे: वर अरुंद, खाली रुंद. फिलिपाँ यांनी कान मोठे केले नाहीत, दात बाहेर काढले नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सुटलेले गाल हे केवळ ओळख पटवण्यापुरते राहिले नाहीत. क्रांतीच्या लाटेवर सत्तेवर येऊन सुस्तावलेली, खालच्या बाजूने जड झालेली राजवट त्या आकारात दिसू लागली. शरीराचे लक्षण आणि आचरणावरचा अभिप्राय एका रेषेत जुळले. पहिल्या पायरीवर लिहिलेल्या वाक्याचा उपयोग इथे होतो: टिपलेल्या फरकांपैकी कोणता फरक त्या वाक्याशी जुळतो, ते पाहावे आणि तोच निवडावा. 'ऐकून घेण्याआधीच उत्तर देणाऱ्या' माणसाची हनुवटी पुढे झेपावणारी असेल तर ती घ्यावी आणि त्याचे टक्कल सोडून द्यावे, मग ते कितीही चकाकणारे असो.

पाचवी पायरी: वाढवताना घटवणे

चेहऱ्यात जागा मर्यादित असते. हनुवटी वाढवली तर कपाळ आक्रसले पाहिजे. डोळे मोठे केले तर गालांनी जागा दिली पाहिजे. सगळेच वाढवले तर काहीच वाढत नाही, चित्र फक्त मोठे होते. निवडलेले मुख्य वैशिष्ट्य भरपूर, त्याला साथ देणारे एक दुय्यम वैशिष्ट्य थोडेसे, आणि बाकी सगळे साधे किंवा आक्रसलेले, असे प्रमाण ठेवून काडेपेटीएवढ्या आकाराची अनेक कच्ची चित्रे काढावीत. लहान आकारात तपशिलात रमता येत नाही, म्हणून ती लहान असावीत.

वैशिष्ट्य एकटे अर्थ देत नाही, त्याचे शेजारी अर्थ देतात. नाकाखालची ती तोकडी चौकोनी मिशी चार्ली चॅप्लिनचीही होती आणि हिटलरचीही. उंच भुवया, मोठे ओलसर डोळे आणि कुरळे केस यांच्या शेजारी ती मिशी चॅप्लिनची होते. कपाळावर तिरकी पडलेली बट आणि आवळलेले तोंड यांच्या शेजारी हिटलरची. हा सराव जरूर करावा: दोन्ही चेहऱ्यांत मिशी अगदी एकसारखी काढायची आणि फरक केवळ आजूबाजूला करायचा.

देह, पोशाख आणि हात यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. डोके मोठे आणि धड लहान काढण्याची प्रथा आहे, पण खांद्यांचा उतार आणि उभे राहण्याची ढब चेहऱ्याइतकीच बोलकी असते. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या गर्दीच्या चित्रांत पाठमोरा माणूससुद्धा कोण आहे ते कळते. साहित्य फार लागत नाही. टूबी पेन्सिल, कार्ट्रिज पेपर, ट्रेसिंग पेपर, इंडियन इंक आणि निब किंवा दोन-तीन नंबरचा ब्रश पुरेसा आहे. टॅब्लेटवर काम करणाऱ्यांनी रेषा मागे घेण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवलेली बरी, कारण शाईची रेषा पुसता येत नाही हे माहीत असले की हात तिच्यापुरता तरी विचार करतो.

सहावी पायरी: नाव न सांगता दाखवणे

चित्राखाली नाव न लिहिता ते दोघा-तिघांना दाखवावे आणि दोन प्रश्न विचारावेत: हे कोण? आणि चित्र काढणाऱ्याला यांच्याविषयी काय वाटते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर परत जावे. पहिले बरोबर आले आणि दुसऱ्यावर समोरचा गोंधळला, तर साम्य आहे पण अभिप्राय नाही. कागदामागे लिहिलेले वाक्य पुन्हा वाचावे.

शब्दांतले अर्कचित्र

आता हीच वाट लेखनात चालून पाहू. इथे चेहऱ्याच्या जागी बोलण्याची लकब असते: पालुपद, वाक्याची लांबी, शब्दांचा स्तर, क्रियापदांची ठेवण, बोलताना टाळले जाणारे विषय. मराठीला या बाबतीत मोठा वारसा आहे. तमाशातला सोंगाड्या गावच्या पाटलाची नक्कल करत असे, आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने समकालीन कवितेच्या लकबींचे विडंबन केले, आणि पु. ल. देशपांडे यांचा सखाराम गटणे हा तर भाषेच्या एका लक्षणातून अख्खा माणूस कसा उभा राहतो याचा वस्तुपाठ आहे, कारण तो रोजच्या गप्पांतही छापील मराठी बोलतो आणि त्या छापीलपणामागचे त्याचे कोवळे, भाबडे मन वाचकाला दिसत राहते.

एक उदाहरण करून दाखवतो. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि सभासदांनी पाण्याच्या टाकीच्या गळतीविषयी विचारले आहे. काल्पनिक सचिव सर्वसाधारणपणे असे बोलतील:

'टाकीच्या गळतीचा विषय कार्यकारिणीने गांभीर्याने घेतलेला आहे. त्या अनुषंगाने कोटेशन मागवण्याची प्रक्रिया सुरू असून योग्य तो निर्णय योग्य वेळी घेण्यात येईल.'

हे आपले छायाचित्र. आता सरासरीशी ताडून पाहू. साधा माणूस म्हणाला असता, 'मी अजून प्लंबरला बोलावले नाही, रविवारी बोलावतो.' फरक कुठे आहे? 'अनुषंगाने' हा शब्द कानाला आधी लागतो, पण तो पगडीसारखा आहे, वरून घातलेला. खरा फरक क्रियापदांत आहे: 'घेतलेला आहे', 'घेण्यात येईल'. या बोलण्यात काम करणारा कोणी नाही. सगळे आपोआप 'होते' किंवा 'करण्यात येते'. आपल्याला म्हणायचे आहे की हे गृहस्थ जबाबदारी घेत नाहीत, आणि नेमके तेच लक्षण त्यांच्या व्याकरणात आहे. तेवढेच वाढवू:

'टाकी गळत असल्याचे कार्यकारिणीच्या निदर्शनास आणून देण्यात आलेले आहे. गळतीच्या अनुषंगाने उपसमिती नेमण्यात आलेली असून उपसमितीच्या अनुषंगाने खुर्च्या मागवण्यात आलेल्या आहेत. खुर्च्या ओल्या झाल्याची बाब विचाराधीन आहे.'

प्रत्येक वाक्य सचिवांच्या तोंडी शोभेल असे आहे आणि तरी सगळे मिळून त्यांनी कधीच उच्चारले नसते असे आहे. 'अनुषंगाने' दोनदा आला आहे, तिसऱ्यांदा आणला असता तर लेखकाचा हात दिसला असता. आता याच सचिवांचे फसलेले अर्कचित्र कसे असते तेही पाहावे: ते पान खाऊन बोलतात, त्यांचे पोट सुटले आहे, ते 'श' ला 'स' म्हणतात. यातल्या कशाचाही गळक्या टाकीशी संबंध नाही. वाचक हसेलही, पण सचिवांच्या आचरणाविषयी त्याला काहीच कळणार नाही.

उच्चाराचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या कितीतरी विनोदी लेखनात आणि मालिकांत मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारे पात्र केवळ त्या बोलीमुळे हास्यास्पद ठरवले जाते, आणि बहुधा ते गडी, मोलकरीण किंवा हवालदार असते. बोली ही व्यक्तीची लकब नसते, ती एका समाजाची भाषा असते. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाचे अर्कचित्र जरूर लिहावे, पण त्याच्या वऱ्हाडीत त्याचे स्वतःचे असे काय आहे ते शोधून लिहावे. ज्याला ती बोली येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. कारण सरासरी ठाऊक नसेल तर फरक कळत नाही.

आरोप म्हणून वापरलेला शब्द

'भूमिकेचे कॅरिकेचर झाले आहे' असे नाट्यसमीक्षेत म्हणतात तेव्हा तो दोष असतो. जिथे पूर्ण माणूस अपेक्षित होता, तिथे एकच लक्षण वारंवार दाखवले गेले, असा त्याचा अर्थ. टीका करताना हा शब्द वापरायचा असेल तर कोणते लक्षण वाढवले गेले आणि त्यापायी काय हरवले, हे दोन्ही सांगावे. नुसता शेरा मारून सोडू नये.

वादविवादात याचे अधिक घातक रूप भेटते. प्रतिपक्षाच्या म्हणण्यातला एक भाग उचलून, तो टोकाला नेऊन, तेच त्याचे संपूर्ण मत म्हणून खोडून काढणे हे मताचे अर्कचित्र होय. शहरात सायकलमार्ग हवेत असे कोणी म्हटले, तर 'म्हणजे तुम्हाला मोटारींवर बंदी हवी आहे' असे उत्तर येते. चेहऱ्याच्या अर्कचित्रात पाहणाऱ्याला ठाऊक असते की समोर वाढवलेले रूप आहे. इथे मात्र वाढवलेले रूप मूळ म्हणून खपवले जाते. आपल्या लेखनात असे घडले आहे का, हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे. प्रतिपक्षाचे मत आपल्या शब्दांत लिहून त्याला वाचायला द्यावे आणि 'होय, मला हेच म्हणायचे आहे' असे तो म्हणेल का ते पाहावे.

मर्यादा

अर्कचित्र टिकते, आणि कधी कधी माणसापेक्षा जास्त टिकते. इंग्लंडचे व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी नेपोलियनला बुटका, थयथयाट करणारा असा काढला. प्रत्यक्षात नेपोलियनची उंची त्या काळच्या फ्रेंच पुरुषाच्या मानाने सर्वसाधारण होती, तरी 'बुटका नेपोलियन' आजही लोकांच्या मनात आहे. दुसऱ्या बाजूला, न्यूयॉर्कचा भ्रष्ट राजकारणी विल्यम ट्वीड तुरुंगातून निसटून स्पेनला पोचला तेव्हा, १८७६ मध्ये, तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखले ते व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट यांनी काढलेल्या चित्रावरून. रेषेत हे दोन्ही सामर्थ्य असल्यामुळे ती कोणावर चालवायची, याचा विचार आधी करावा लागतो.

माझा नियम असा आहे: शरीराचे लक्षण ओळख पटवण्यासाठी घ्यावे आणि प्रहार माणसाने स्वतः केलेल्या गोष्टीवर करावा, म्हणजे त्याच्या निर्णयावर, बोलण्यावर, सत्तेच्या वापरावर. जन्माने मिळालेल्या गोष्टीवर, म्हणजे जात, धर्म, वंश, अपंगत्व यांवर, प्रहार आला की अर्कचित्र बिघडते, कारण मग चित्रातली व्यक्ती नाहीशी होते आणि तिच्या जागी समूह येतो. नाझी जर्मनीतील 'डेर श्ट्यूर्मर' या साप्ताहिकाने आकडेबाज नाकाचा एकच चेहरा वर्षानुवर्षे छापून ज्यू समाजाविषयी द्वेष पेरला. त्या चेहऱ्याचा कोणत्याही प्रत्यक्ष माणसाशी संबंध नव्हता. आपल्यालाही याची झळ पोचली आहे. मंगळयान २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मंगळाच्या कक्षेत पोचल्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक व्यंगचित्र आले: अवकाशातील उच्चभ्रूंच्या क्लबचे दार ठोठावणारा फेटेवाला भारतीय शेतकरी आणि त्याच्या हाती गाईचे दावे. वाचकांनी तक्रारी केल्यावर वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. चित्रकाराचा रोख आत बसलेल्या उच्चभ्रूंवर होता असे मानले, तरी शास्त्रज्ञांच्या कामगिरीसाठी देशाचा जुना साचा वापरल्यामुळे रेषा दुसरीकडेच लागली.

संदर्भ बदलला की अर्थ कसा बदलतो, याचे आपल्या जवळचे उदाहरण व्यंगचित्रकार शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्राचे आहे. संविधानाचे काम लांबत असल्याची चर्चा तेव्हा होती. चित्रात संविधानरूपी गोगलगायीवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हाती चाबूक घेऊन तिला हाकत आहेत आणि मागे नेहरूंच्या हातीही चाबूक आहे. हेच चित्र एनसीईआरटी या शालेय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते आणि २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. त्या पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही, आंबेडकरांच्या मागे उगारलेला चाबूक पाहून अनेक दलित वाचकांना जे दिसले ते खोटे होते असे म्हणता येणार नाही. १९४९ च्या वृत्तपत्रवाचकाला दिरंगाई दिसली, आणि त्यांना शतकानुशतकांचा चाबूक दिसला. हातात कोणती वस्तू द्यायची, कोणाला पुढे आणि कोणाला मागे काढायचे, हे ठरवताना आपल्यासारखा नसलेला वाचक डोळ्यांपुढे आणण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

कायद्याचेही भान असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली बदनामी हा गुन्हा आहे आणि त्यात चित्राद्वारे केलेली बदनामीही येते. सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या सार्वजनिक वर्तनाविषयी सद्हेतूने केलेल्या मतप्रदर्शनाला त्यात अपवाद आहे, आणि हेही प्रहार आचरणावर ठेवण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. ज्या वर्तनावर भाष्य केले त्याची बातमी, भाषणाची ध्वनिफीत किंवा कागद जपून ठेवावा.

प्रसिद्धीपूर्वी

मूळ चित्र किमान ३०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करावे. फक्त रेषांचे काम असेल तर ६०० डीपीआय अधिक चांगले. मोबाइलवर ते बोटभर आकारात दिसेल, म्हणून तेवढे लहान करून चेहरा ओळखू येतो का ते पाहावे. कोपऱ्यात सही आणि पूर्ण तारीख घालावी, आणि ज्या घटनेवर चित्र आहे तिचा एका ओळीत उल्लेख चित्राच्या चौकटीच्या आतच करावा, कारण बाहेर लिहिलेली ओळ पहिल्याच फेरप्रसारणात गळून पडते आणि चित्र एकटे फिरू लागते.